२६ जुलै : म्हाताऱ्या पावसाचा एक दिवस

आमच्या शाळेच्या दारात एक काळा फळा आहे. त्यावर रोज दिनविशेष लिहायचा असतो. मी शाळेत अर्धवेळ इतिहास-भूगोल शिकवते, त्यामुळे हे काम न सांगताच माझ्या गळ्यात पडलं आहे. २६ जुलैला विषयांची वाण नसते. १९०२ साली याच तारखेला राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला. आम्हां कोल्हापूरकरांना त्याचा अभिमान. १९९९ पासून तो कारगिल विजय दिनही आहे. पण एकदा सातवीतला एक मुलगा फळ्यापुढे उभा राहून म्हणाला, "बाई, टीव्हीवर तर २६ जुलै म्हटलं की नुसतं पाणीच दाखवतात. ते का नाही लिहिलं?" त्याचा जन्म २००५ नंतरचा. त्याला काय ठाऊक! मात्र प्रश्न बिनतोड होता, आणि त्याला उत्तर देता देता मी स्वतःच त्या तारखेच्या मागे लागले.

आपल्याकडे जुनी माणसं पाऊस तारखेने मोजत नाहीत, नक्षत्राने मोजतात. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा आणि पूर्वांचा सुनांचा. माझ्या सासूबाईंना अजून हे सगळं तोंडपाठ आहे. पुष्य नक्षत्र साधारण २० जुलैच्या सुमारास लागतं, म्हणजे २६ जुलै येतो बरोबर म्हाताऱ्या पावसात. नाव म्हातारा, पण या दिवसांतलं त्याचं वागणं पाहिलं तर हे नाव कुणी ठेवलं असावं असा प्रश्न पडतो!

तर २६ जुलै २००५. वार मंगळवार. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हवामान खात्याचा दिवस आपल्या कॅलेंडरसारखा रात्री बाराला पालटत नाही. तो सकाळी साडेआठला संपतो. तेव्हा हा आकडा २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतचा. पण त्यातला बहुतेक पाऊस २६ ला दुपारी दोन-अडीचनंतरच्या काही तासांतच कोसळला.

मिलिमीटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काही येत नाही. आपल्याला तांब्या, घागर, बादली समजते. म्हणून मुलांना मी असं सांगते : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आता आपली दहा बाय दहाची खोली घ्या. तिचं छप्पर काढलं आणि ९४४ मिलिमीटर पाऊस तिच्यात साठू दिला, तर पाणी होईल पावणेनऊ हजार लिटरच्या आसपास. उन्हाळ्यात गल्लीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर आठवा. तो जवळजवळ अख्खा टँकर एका खोलीत! हवामान खातं २०४ मिलिमीटरच्या वर गेलं की 'अत्यंत मुसळधार' म्हणतं. हा त्याच्या चौपटीहून जास्त. सबंध पावसाळ्यात सांताक्रूझला जेवढा पाऊस पडतो, त्याच्या पाच हिश्श्यांतले जवळजवळ दोन हिस्से एका दिवसात पडून गेले.

आणि गंमत म्हणावी की दैवगती, त्याच चोवीस तासांत त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, पाऊस होता फक्त ७३ मिलिमीटर. म्हणजे जुलैतला नेहमीचा.

या दोन आकड्यांतला फरक पुस्तकात वाचायच्या आधी मी तो आमच्या आत्याच्या तोंडून ऐकला होता. आत्या कुर्ल्याला चाळीत राहायची आणि फोर्टात एका ऑफिसात कारकून होती. आमच्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातली किती घरं गिरण्यांच्या निमित्ताने मुंबईला गेली, त्यांतलंच ते एक घर. त्या दुपारी ऑफिसच्या खिडकीतून दिसणारा पाऊस अगदी रोजचा होता. टेबलावरचा चहा, फायली, सगळं रोजचंच. चारच्या सुमाराला कुणीतरी म्हणालं, लोकल बंद पडल्यात. आत्या निघाली. दादरपर्यंत कशीबशी पोचली आणि तिथून पुढे रस्त्याने चालत. शीवच्या अलीकडे पाणी कमरेच्या वर आलं. अंधार पडलेला, उपनगरांतली वीज गेलेली, मोबाइल मुके झालेले. पुढे जाऊ नका म्हणून तिथल्या पोरांनी दोर धरून सगळ्यांना मागे वळवलं. एका अनोळखी घरात अकरा बायका रात्रभर बसून होत्या. त्या घरच्या माउलीने सगळ्यांना आपल्या साड्या नेसायला दिल्या आणि पिठलं-भात घातला. आत्या म्हणते, "मला पाण्याची भीती नाही वाटली गं. जिवाचं पाणी झालं ते पोरं कुठं असतील या विचाराने."

तिची दोन मुलं. थोरला आठ वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. थोरला शाळेत होता, धाकटी शेजारणीकडे.

मिठी नदी आपल्या हिरण्यकेशीसारखी नव्हे. विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी घेऊन ती निघते, जेमतेम अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. एवढ्याशा वाटेत तिच्यावर वस्त्या, कारखाने, विमानतळ यांचा भार. काठ भरावाने आत सरकलेले आणि पात्र कचऱ्याने उथळ. त्यातून दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी भरती होती, साडेचार मीटरच्या जवळची. वरून पाणी, समोरून समुद्र. नदीने जावं कुठे? ती कुर्ला, कलिना, सांताक्रूझच्या घरांत शिरली. विमानतळ तीस तासांहून जास्त बंद राहिला. गाड्यांच्या काचा वर करून आत बसलेली काही माणसं पाण्यात दारं उघडेनात म्हणून गुदमरून गेली. मुंबईत चारशेच्या वर आणि राज्यात त्या आठवड्यात हजारावर माणसं दगावली.

एक दिवस आधी, २५ जुलैच्या संध्याकाळी, महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि दोनशेच्या आसपास जीव गेले. मुंबईच्या गदारोळात या गावांची नावं वर्तमानपत्रात आतल्या पानावर गेली, हे मला आजही बरं वाटत नाही.

आता त्या मुलांचं काय झालं ते सांगते, कारण माझ्या मते २६ जुलैचा खरा प्रश्न तिथेच आहे.

आत्याच्या थोरल्याच्या शाळेने दुपारी ठरवलं की एकही मूल बाहेर सोडायचं नाही. आईबाप आले तरच हाती द्यायचं. दोन बाई आणि एक शिपाईमामा रात्रभर थांबले. शेजारच्या बेकरीतून पाव आणले, स्टोव्हवर चहा केला, मुलांना वरच्या मजल्यावर बाकं जोडून झोपवलं. बाईंनी प्रत्येक मुलाचं नाव एका वहीत लिहून ठेवलं आणि सकाळी ज्याच्या ताब्यात दिलं त्याची सही घेतली. आत्या दुसऱ्या दिवशी अकराला पोचली तेव्हा पोरगं चक्क गाढ झोपलेलं! धाकटीला शेजारणीने पाणी उंबऱ्याशी येताच कडेवर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं होतं. घरातलं सामान गेलं. मुलं राहिली.

त्याच भागातल्या दुसऱ्या एका शाळेने मात्र पाऊस वाढतोय असं पाहून लगबगीने सुट्टी दिली. हेतू चांगलाच होता, मुलं वेळेवर घरी पोचावीत हा. पण मुलांनी भरलेल्या रिक्षा वाटेत पाण्यात अडकल्या. त्यातली एक रिक्षा रात्री नऊला एका दुकानाच्या ओट्यावर सापडली. मुलं सुखरूप होती. ड्रायव्हरने एकेकाला खांद्यावरून ओट्यावर नेलं होतं.

मी स्वतः शिक्षिका झाले तेव्हापासून या दोन शाळा माझ्या डोक्यातून जात नाहीत. पाऊस चढायला लागला की मुलांना सोडायचं की ठेवायचं? सोडलं आणि पोचली, तर कुणी काही म्हणत नाही. ठेवलं आणि पाऊस उघडला, तर पालक म्हणतात, बाईंनी उगीच घाबरवलं. माझं मत मी स्पष्टच सांगते : इमारत पक्की आणि उंचावर असेल, तर पाणी वाढत असताना मूल वाटेवर असण्यापेक्षा शाळेत असलेलं बरं. अर्थात, शाळाच नदीकाठी असेल तर हे गणित उलटं होतं, आणि मग निर्णय पाणी यायच्या आधी, सकाळीच घ्यावा लागतो.

एवढा पाऊस एकाच ठिकाणी का पडला, तेही थोडक्यात सांगते. जुलैच्या उत्तरार्धात मान्सून ऐन भरात असतो. कोकण किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की समुद्रावरून बाष्पाने लदलेले वारे सह्याद्रीवर येऊन आदळतात. त्या दिवशी याच्या जोडीला उपनगरांच्या डोक्यावर वादळी ढगांचे उंचच उंच मनोरे उभे राहिले, आणि ते तिथून हललेच नाहीत. असे ढग काही तासांत तयार होतात आणि थोड्याच जागेवर रिते होतात. ते टिपायला डॉप्लर रडार लागतं. तेव्हा मुंबईत ते नव्हतं. पुढे कुलाब्याला बसवलं आणि २०२२ पासून वेरावलीलाही आहे.

जुलैच्या या आठवड्या-दोन आठवड्यांची यादी काढली तर मन कच्चं होतं. माळीण गाव दरडीखाली गेलं ३० जुलै २०१४ ला. तळिये २२ जुलै २०२१ ला आणि इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तळियेच्याच दिवशी चिपळूण बुडालं आणि महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आणि हा आपल्या सह्याद्रीचाच शाप आहे असं समजू नका. अमेरिकेत टेक्सास राज्यात आल्विन नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे १९७९ साली २५-२६ जुलैच्या चोवीस तासांत, म्हणजे हीच तारीख, एका वादळाने सुमारे ४२ इंच पाऊस पाडला. आपले ९४४ मिलिमीटर म्हणजे सदतीस इंच. आल्विनचा हा आकडा अमेरिकेत २०१८ पर्यंत कुणी ओलांडला नव्हता. साऱ्या जगाचा विक्रम मात्र हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचा आहे, जानेवारी १९६६ मधला : चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर. तिथल्या बायकांनी धुणं कुठे वाळत घातलं असेल, असा एक बायकी विचार माझ्या मनात आलाच!

२६ जुलै पुन्हा एकदा आला तो थेट आपल्या कोल्हापूरच्या गाडीवर. २०१९ साली त्या तारखेला शुक्रवार होता. मुंबईहून रात्री कोल्हापूरला निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या सगळ्यांची माहेरवाशिणीची गाडी. त्या रात्री ती बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उभी राहिली. उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि सकाळी उजाडलं तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना समुद्र. आत हजारावर उतारू, त्यांत नऊ गरोदर बायका आणि कितीतरी लेकुरवाळ्या. आमच्या गल्लीतली दोन घरं त्या दिवशी सकाळपासून टीव्हीपुढून हलली नाहीत. त्यांची माणसं त्या गाडीत होती. प्यायचं पाणी संपलं, संडासांची स्थिती सांगण्यासारखी राहिली नाही, तान्ह्यांचं दूध नासलं.

रेल्वेने उतारूंना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : खाली उतरू नका, गाडीतच सर्वांत सुरक्षित आहात. ते खरं होतं. डबा जड असतो आणि जमिनीपासून उंच. बाहेरचं पाणी किती खोल आहे आणि त्याला ओढ किती आहे ते वरून दिसत नाही. २७ ला दुपारपर्यंत राष्ट्रीय आपत्ती दलाच्या बोटी, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून एकूणएक माणसाला बाहेर काढलं. बदलापूरच्या एका मंगल कार्यालयात त्यांना जेवू घातलं आणि कल्याणहून खास गाडीने मनमाड-दौंडमार्गे कोल्हापूरला आणलं. एकही जीव गेला नाही. माणसं कोल्हापूरला उतरली आणि दोनच आठवड्यांच्या आत पंचगंगेनेच घात केला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर.

आमच्या गडहिंग्लजला मुंबईएवढा पाऊस पडत नाही. आम्ही सह्याद्रीच्या आडोशाला आहोत. पण हिरण्यकेशी उगवते आंबोलीला, आणि आंबोली म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. तिथे चार दिवस झड लागली की आजऱ्यावरून पाणी आमच्याकडे येतं. कित्येकदा असं होतं की गडहिंग्लजच्या बाजारपेठेत ऊन पडलेलं असतं, बायका मिरच्यांना हवा देत असतात, आणि नदी मात्र पायरी-पायरीने चढत असते. आधी निलजी, ऐनापूर, नांगनूरचे बंधारे पाण्याखाली जातात. पाणी आणखी वाढलं की भडगावचा पूल. चंदगडकडची वाहतूक थांबली की कळतं, आता हे आपल्या दारचं आहे. फोर्टातल्या आत्याला कुर्ल्याचा पाऊस दिसत नव्हता, तसाच आम्हांला आंबोलीचा दिसत नाही.

नदीपलीकडच्या गावांतून आमच्या शाळेत बरीच मुलं येतात. सकाळी पूल उघडा असतो, संध्याकाळी नसतो. म्हणून मी दर जूनमध्ये एक काम करून घेते. पलीकडच्या प्रत्येक मुलाच्या आईला विचारते : पूल बंद झाला तर याने गावात कुणाकडे राहायचं? आत्या, मामा, वडिलांचे दोस्त, कुणीही, पण एक घर ठरलेलं हवं. त्याला आम्ही 'पुराचं घर' म्हणतो. मुलांना नाव फार आवडलंय. ज्यांचं गावात कुणी नाही त्यांना वर्गातल्याच एखाद्या मैत्रिणीची आई पुढे होऊन म्हणते, आमच्याकडे पाठवा. हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर शिसपेन्सिलीने लिहायचं. जेलपेनची शाई ओली झाली की फुटते, पेन्सिल नाही. आईबापांचे नंबर मुलांना पाठही हवेत. हल्ली नंबर मोबाइलमध्ये असतात आणि मोबाइलच बंद पडला की आपल्याला आपल्या नवऱ्याचा नंबर सांगता येत नाही! (आमच्या ह्यांना हे वाक्य वाचून हसू आलं. त्यांना माझा विचारला, तर तेही अडले.)

घरात काय असावं, तर आगोटीच्या बेगमीसारखीच ही एक छोटी बेगमी समजा. रेशनकार्ड, आधारकार्ड, घराचे कागद, मुलांचे दाखले, बँकेचं पुस्तक हे सगळं एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा काढून घट्ट बांधून, उंच फडताळात. ज्याची-त्याची रोजची औषधं आठ दिवसांची. टॉर्च, काडेपेटी डब्यात. पिण्याचं पाणी शुद्ध करायची औषधंही जवळ असू द्यावीत. आपल्या अडचणीच्या दिवसांचं सामान आणि तान्हं असेल तर त्याची दुपटी, हे सामान मदत घेऊन येणाऱ्या पुरुषांच्या ध्यानात येत नाही, आणि मागायला आपली जीभ रेटत नाही. ते आधीच बांधून ठेवावं. पाणी उंबऱ्याशी येण्याआधी विजेचा मेन स्विच बंद करावा आणि गॅसचा रेग्युलेटर काढावा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, पोलिसांसाठी ११२, दोन्ही भिंतीवर लिहून ठेवावेत. हवामान खात्याचा रंगही बघायला शिकावं : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. आणि फक्त आपल्याच गावाचा रंग पाहून भागत नाही. आम्ही गडहिंग्लजकर आधी आंबोलीकडचा रंग बघतो.

मुंबईत तेव्हा गटारांची तोंडं पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबली होती, म्हणून त्याच वर्षी सरकारने त्या पिशव्यांवर बंदी आणली. २०१८ मध्ये आणखी कडक नियम आले. तरी बाजारात भाजीवाली आजही पिशवी पुढे करते आणि आपण घेतो. त्यावर मी जास्त बोलत नाही. कापडी पिशवी शिवायला जुन्या परकराचं कापड पुरतं, एवढंच सांगते.

पूर ओसरल्यानंतरचे आठ-पंधरा दिवस मात्र पुराइतकेच जपण्याचे. २००५ मध्ये पाणी गेल्यावर मुंबईत लेप्टोने कितीतरी बळी घेतले. उंदरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी पायांच्या जखमांतून शरीरात जातं, आणि आपल्या बायकांच्या टाचांना भेगा असायच्याच. चिखल काढायला अनवाणी उतरू नये, गमबूट नसले तर पायांना पिशव्या बांधून वर चप्पल घालावी. पुराच्या पाण्यातून चालावं लागलंच, तर डॉक्टरांना ताबडतोब विचारावं, ते प्रतिबंधक गोळी देतात. पाणी किमान वीस मिनिटं उकळून मगच प्यावं. पुरात बुडालेल्या फ्रीज-मिक्सरची पिन वायरमनने पाहिल्याशिवाय लावू नये. आणि भिजलेले गहू-तांदूळ, डाळी, तिखटाचे डबे यांचा मोह सोडावा. वर्षाचं तिखट टाकताना जिवावर येतं हे मला ठाऊक आहे, सासूबाईंनी तर २०१९ ला बरणी हातातून सोडली नव्हती. पण उन्हात वाळवून ते चांगलं होत नाही. जनावरांनाही घालू नये, खड्डा करून पुरून टाकावं.